धुंडिराज गोविंद फाळके : एका छायाचित्रकाराचा शोधमार्ग

आपल्या स्मरणिकेत एखाद्या दिवंगत कर्त्या पुरुषाचे चरित्र असावे, असा प्रघात आहे. चरित्रनायक आपल्याच ज्ञातीतला असला पाहिजे असा दंडक मात्र नाही, आणि तो नाही हे आम्हांस बरे वाटते. कारण गुण घ्यावयाचा तर कोणाचे घर कोणते हे पाहण्याचे कारण नसते. ह्या खेपेस आम्ही कै. दादासाहेब फाळके ह्यांचे चरित्र निवडले आहे. हे नाव ज्या घरी ठाऊक नाही, असे घर महाराष्ट्रात सापडणे कठीण. परंतु त्यांच्याविषयी जे सांगितले जाते, ते बहुतेक 1913 सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ ह्या चित्रपटापासून सांगितले जाते. त्यावेळी दादासाहेबांचे वय त्रेचाळीस होते. त्याआधीची वीस-बावीस वर्षे हा गृहस्थ काय करीत होता? तर तो छायाचित्रे काढीत होता, पडदे रंगवीत होता, ठसे करीत होता, जादूचे प्रयोग करीत होता आणि एकेक धंदा सोडीत होता. आपल्या हातातील कॅमेऱ्याने नेमके काय टिपावयाचे, हे त्यांस फार उशिरा उमगले. ते कसे उमगले, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. धुंडिराज हे गणपतीचे नाव होय, हे मोरगावकरांस सांगण्याची आवश्यकता नाही. वडील गोविंदराव हे दाजीशास्त्री म्हणून ओळखले जात. ते संस्कृताचे पंडित होते. क्षेत्राच्या गावी वाढणाऱ्या मुलाच्या कानी काय पडते, हे आपण कऱ्हाकाठची मंडळी अनुभवाने जाणतो. घंटा, आरती, यात्रेकरूंची वर्दळ, देवळाच्या मंडपात चाललेले पुराण, आणि दूरदूरच्या गावांहून केवळ देव डोळे भरून पाहण्यासाठी आलेली माणसे. दाजीशास्त्र्यांचा मुलगा पौरोहित्याच्या वाटेस गेला नाही, पण ही शिदोरी त्याच्याबरोबर होती. ती सोडावयाची वेळ पुढे चाळिशीनंतर आली.

वडिलांस मुंबईस अध्यापनाची नोकरी मिळाली आणि कुटुंब तेथे गेले. मुलाची बोटे चित्रकलेकडे वळलेली पाहून त्यास 1885 साली सर जे. जे. कलाशाळेत घालण्यात आले. तेथून तो थोरल्या बंधूंबरोबर बडोद्यास गेला. बडोद्यास प्रा. त्रिभुवनदास गज्जर ह्यांच्या पुढाकाराने 1890 साली कलाभवन ही संस्था निघाली होती. रंगकाम, मूर्तिकाम, वास्तुकला असे जे जे तेथे होते त्या सर्वांत तरुण फाळक्यांनी हात घातला. पण मन रमले ते छायाचित्रणात. गज्जरांनी त्यांस प्रयोगशाळा व छायाचित्रणाची खोली वापरण्याची मोकळीक दिली. ह्यापुढचे शिक्षण बहुतांशी त्यांचे त्यांनीच घेतले. काच बिघडली, तर का बिघडली हे शोधावयाचे. रसायनाचे प्रमाण चुकले, तर पुन्हा मोजावयाचे. पुढे रतलामला जाऊन त्यांनी छपाईचे ठसे करण्याची, विशेषतः तीन रंगांच्या ठशांची, विद्याही मिळविली. अहमदाबादच्या प्रदर्शनात नमुनेदार नाट्यगृहाची प्रतिकृती करून त्यांनी सुवर्णपदकही पटकाविले. पण पदकाने पोट भरत नाही.

1895 च्या सुमारास त्यांनी गुजरातेतील गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला. त्याकाळी लहान गावी हा व्यवसाय करणे म्हणजे काय, ह्याची आजच्या तरुणांस कल्पना येणार नाही. तिपाईवर मोठा लाकडी कॅमेरा, काळ्या कापडाखाली डोके घातलेला मनुष्य, समोर अंग आखडून बसलेले गिऱ्हाईक, आणि मग अंधाऱ्या खोलीत काच धुणे. गोध्र्यास जम बसतो न बसतो तोच प्लेगाची साथ आली. 1900 च्या सुमारास त्या साथीने त्यांची पत्नी व मूल दोघांनाही नेले. मागे राहिलेल्या तिशीच्या फाळक्यांनी गोध्रा सोडले आणि बडोद्यास येऊन नव्याने धंदा सुरू केला. तोही चालला नाही. गावात बोलवा उठली की, कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती ओढून घेतो आणि ज्याचा फोटो निघाला तो लवकर मरतो. आज आपणांस हसू येईल. परंतु ज्या गावाने नुकतीच घरोघर प्रेते पाहिली होती त्या गावास असा संशय यावा, ह्यात फारसे नवल नाही. माणसे आपला चेहरा कॅमेऱ्यापुढे द्यावयास भिऊ लागली, आणि चेहरेच नाहीत तर छायाचित्रकाराने काढावयाचे काय?

ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. ज्या यंत्रास लोक प्राण घेणारे म्हणून भ्याले, त्याच यंत्राने पुढे ह्याच गृहस्थाने लोकांस हात जोडावयास लाविले.

धंदा बसला तेव्हा फाळके नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. ह्याच दिवसांत कार्ल हर्ट्झ ह्या परदेशी जादूगाराशी त्यांचा परिचय झाला आणि ते जादूचे प्रयोग शिकले. फाळके हे नाव उलटे वाचून ‘प्रोफेसर केळफा’ असे नाव त्यांनी घेतले व त्या नावाने खेळही केले. शास्त्र्याच्या मुलाने गारुड्यासारखे खेळ करावेत, हे कित्येकांस रुचले नसेल. पण वस्तू दिसेनाशी कशी करावी, माणूस क्षणात कसा बदलावा, पाहणाऱ्याची नजर कोठे गुंतवावी, ह्या गोष्टी कोणत्याही कलाशाळेत शिकवीत नसत. 1902 साली त्यांचा दुसरा विवाह झाला. वधूचे माहेरचे नाव गिरिजा करंदीकर. सासरी त्या सरस्वतीबाई झाल्या. त्यांच्याविषयी आम्ही पुढे सविस्तर लिहिणार आहोत, कारण त्यांच्यावाचून हे चरित्र अर्धेच राहील.

पुढल्या वर्षी सरकारी पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी लागली. पगार ठरलेला आणि काम आवडीचे, अशी नोकरी सोडण्याची बुद्धी सहसा कोणास होत नाही. पण स्वदेशीचे वारे वाहू लागले आणि फाळक्यांनी राजीनामा दिला. लोणावळ्यास त्यांनी ठशांचा व छपाईचा कारखाना काढला. जवळच मळवलीस राजा रविवर्मा ह्यांच्या नावाचा शिळाछापखाना होता, आणि तेथील कामेही फाळके करीत.

ह्या कामापाशी आम्ही थोडे थांबू इच्छितो. रविवर्म्यांची लक्ष्मी, सरस्वती, राम, कृष्ण त्याकाळी छापील चित्रांच्या रूपाने घरोघर पोचली होती. ज्यांस देवळातील मूर्ती दुरूनच पाहावयास मिळे, त्यांच्याही भिंतीवर देव आला. आपल्या मोरगावी मयूरेश्वराच्या देवळाबाहेर तसबिरींच्या दुकानापाशी यात्रेकरू का थांबतात? दर्शन झाल्यावर ते दर्शन घरी न्यावेसे वाटते म्हणून. हा ओढा किती खोल आहे, हे फाळक्यांनी ठसे करता करता पाहिले. रंगीत ठशांतून देवादिकांचे चेहरे त्यांच्या हातांखालून रोज जात होते. मात्र ते चेहरे हलत नव्हते, आणि ही उणीव अद्याप कोणास जाणवलीही नव्हती.

पुढे कारखाना मुंबईस दादरला आला, भागीदार आले, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स हे नाव झाले. नवी यंत्रे आणण्यासाठी फाळके 1909 साली जर्मनीसही जाऊन आले. छपाई उत्तम होई आणि नावही झाले. पण भागीदारांशी पटेना. अखेर ते त्यातून अंगच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. चाळिशी उलटलेली, घरात मुले, आणि हाती व्यवसाय नाही. एवढे व्यवसाय बदलणारा मनुष्य आपल्या ओळखीत असता तर आपण त्यास धरसोडीचा म्हटले असते. त्यावेळच्या शेजारीपाजाऱ्यांनीही बहुधा तेच म्हटले.

1911 च्या एप्रिलात, ईस्टरच्या सुमारास, ते मुलासह गिरगावातील अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस ह्या चित्रगृहात गेले. तेथे ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट त्यांनी पाहिला. पडद्यावर येशू चालत होता, आणि खुर्चीत बसलेल्या फाळक्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण, राम, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. दुसऱ्या वेळी ते पत्नीस घेऊन गेले. भिंतीवरच्या तसबिरीतील देव चालू लागेल, पाहणाऱ्याकडे वळून पाहील, हे त्या अंधारात त्यांस दिसले. त्र्यंबकेश्वरची शिदोरी येथे सुटली.

येथे न्यायाची एक गोष्ट नोंदविली पाहिजे. कॅमेऱ्याने हलती चित्रे टिपणारे फाळके हे पहिले नव्हेत. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, ह्यांनी 1899 साली हँगिंग गार्डन येथील कुस्तीचे चित्रण केले होते, आणि रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तेव्हाच्या स्वागताचेही केले. दादासाहेब तोरणे ह्यांचा ‘पुंडलिक’ हा ‘हरिश्चंद्रा’च्या वर्षभर आधी, मे 1912 मध्ये, दाखविला गेला, ते रंगभूमीवरील नाटकाचे चित्रण होते. ह्या दोघांचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. सावेदादांनी जे समोर घडत होते ते टिपले, तोरण्यांनी जे रंगभूमीवर उभे होते ते टिपले. फाळक्यांस जे टिपावयाचे होते ते कोठेच उभे नव्हते. ते आधी स्वतः उभे करावयाचे, मग टिपावयाचे.

त्यासाठी त्यांनी जो अभ्यास केला तो विद्यार्थ्यांनी वाचण्यासारखा आहे. मुंबईतील चित्रगृहांत रोज तासन्‌तास बसून ते चित्रपट पाहू लागले. एक लहानसे यंत्र व काही फिती विकत आणून, मेणबत्तीच्या उजेडाने ते रात्री भिंतीवर चित्रे पाडून पाहत. घरातील सामान एकेक करून विकले जाऊ लागले. झोप नाही, विश्रांती नाही; परिणामी डोळे सुजले आणि काही काळ दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर ह्या नेत्रवैद्यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. छायाचित्रकाराची दृष्टी जाणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. तरीही बरे होताच त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि 1 फेब्रुवारी 1912 रोजी लंडनची बोट धरली. तेथे ‘बायोस्कोप’ ह्या साप्ताहिकाच्या संपादकांशी, कॅबर्न ह्यांच्याशी, त्यांची ओळख झाली. त्यांच्या मध्यस्थीने सेसिल हेपवर्थ ह्यांच्या कारखान्यात चित्रपटाची सर्व कामे पाहावयास मिळाली. विल्यमसन बनावटीचा कॅमेरा व फितीस भोके पाडण्याचे यंत्र मागवून ते एप्रिलच्या आरंभी परत आले. दोन महिन्यांचा प्रवास आणि त्यात प्रत्यक्ष शिक्षण किती, तर थोड्या दिवसांचे. बाकी सारे त्यांस घरीच शिकावे लागले.

पहिली परीक्षा वाटाण्याने घेतली. कुंडीत वाटाणे पेरून त्यापुढे कॅमेरा रोवून ठेवला आणि ठराविक अंतराने एकेक चित्र घेतले. महिनाभराहून अधिक काळ हे काम चालले. मग ती फीत चालवून दाखविली तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत अंकुर फुटून वेल वर चढला. ‘अंकुराची वाढ’ नावाच्या ह्या छोट्या चित्राने भांडवल देणाऱ्याची खात्री पटली. जादूगार केळफा आणि छायाचित्रकार फाळके ह्या दोघांची येथे गाठ पडली, असे आम्हांस वाटते.

भांडवल तरीही पुरेसे नव्हते. सरस्वतीबाईंचे दागिने गेले, आणि त्यांनी ते हसतमुखाने दिले. पण दागिने देणे ही त्यांच्या कामातील सर्वांत सोपी बाब म्हटली पाहिजे. कच्ची फीत अंधारात उलगडून तिच्या कडांना भोके पाडावयाची, रसायने कालवून फीत धुवावयाची, दिवसा उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडावयाचा, आणि त्यावर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. मुले सांभाळणे तर होतेच. चरित्रकार त्यांस साहाय्यक म्हणून एखाद्या वाक्यात उल्लेखितात, हे आम्हांस अपुरे वाटते. आज ज्या कामांस स्वतंत्र माणसे व स्वतंत्र पगार असतात, त्यांतील निम्मी कामे ह्या एका बाईने केली.

‘राजा हरिश्चंद्र’ दादरच्या घरी व आसपास तयार झाला. हरिश्चंद्राच्या भूमिकेत दत्तात्रय दाबके, रोहिदासाच्या भूमिकेत फाळक्यांचा पुत्र भालचंद्र. तारामतीसाठी स्त्री मिळेना. चित्रपटात काम करणे त्याकाळी इतके कमी दर्जाचे समजत की, ज्या स्त्रियांस समाजाने आधीच दूर लोटले होते त्यांनीही नकार दिला. शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके ह्या तरुणास पातळ नेसवून तारामती केले. सुमारे सात महिन्यांत काम संपले, आणि 3 मे 1913 पासून मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांस चित्रपट पाहावयास मिळाला. पुढे सुरतेस पहिल्या दिवशी अवघे तीन रुपये जमले, असे सांगतात. नाटक पाच-सहा तास चाले. तितक्याच पैशांत तासाभराचा खेळ कोण पाहणार? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली की, ह्या खेळात 57,000 छायाचित्रे असून चित्राची लांबी दोन मैल आहे, आणि दर केवळ तीन आणे. आम्ही मास्तर असल्याने हा हिशेब करून पाहिला. चित्रपटाची लांबी 3,700 फूट, एका फुटात 16 चित्रे, गुणाकार 59,200. म्हणजे छायाचित्रांची संख्या जवळजवळ खरी. लांबी मात्र पाऊण मैलाहूनही थोडी कमीच भरते. पण एक गोष्ट कौतुकाची: इतक्या वर्षांनीही हा मनुष्य आपला माल छायाचित्रे मोजूनच विकत होता.

ह्यानंतर त्यांनी नाशिकास बिऱ्हाड व कारखाना हलविला. ‘मोहिनी भस्मासुरा’त दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई ह्या माय-लेकींनी प्रथमच स्त्रीभूमिका केल्या. 1914 साली फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे राहून काम करण्याविषयी त्यांस विचारणा झाली, ती त्यांनी नाकारली. त्यांनी केवळ पौराणिक चित्रपटच केले असाही समज आहे, तो बरोबर नाही. ‘पिठाचे पंजे’ हे विनोदी चित्र, आगकाड्यांच्या हालचालींचे एक गमतीचे चित्र, तळेगावच्या काच कारखान्याचे चित्रण, चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारी फीत, हे सर्व प्रकार त्यांनी हाताळून पाहिले. करून पाहिल्यावाचून आपले कोणते हे कळत नाही. प्रत्येक वेळी ते पुराणाकडेच परतले, आणि 1917 सालच्या ‘लंकादहना’ने ह्या परतण्यावर जणू शिक्कामोर्तब झाले. त्यात साळुंके ह्यांनीच राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका केल्या होत्या. पडद्यावर राम येताच माणसे पायांतील वहाणा काढून हात जोडीत. पैशांच्या गोण्या बैलगाडीत घालून नेल्याच्या हकीकती आजही सांगितल्या जातात. पुढील वर्षीच्या ‘श्रीकृष्णजन्म’ व त्यापुढील ‘कालियामर्दन’ ह्यांत त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी कृष्ण झाली.

प्रेक्षकांचा हा भाव काही सुशिक्षितांस भाबडा वाटला. आम्हांस तसे वाटत नाही. मोरगावी भाद्रपदात आणि माघात जी गर्दी लोटते, तिला मूर्ती दगडाची आहे हे ठाऊक असते. तरी ती जे पाहावयास येते ते पाहूनच जाते. अण्णा साळुंके हा नट आहे, हे प्रेक्षकांसही ठाऊक होते. वीस वर्षांपूर्वी बडोद्यास ज्यांनी कॅमेऱ्यापुढे बसणे नाकारले, ते मूर्ख नव्हते आणि हेही नव्हते. चित्रात काहीतरी जिवंत उतरते, अशी त्या दोघांचीही श्रद्धा होती. पहिल्यांना त्याची भीती वाटली, दुसऱ्यांना त्याचा आनंद. फाळक्यांनी हा फरक ओळखला, आणि त्यांची खरी विद्या आम्ही हीच मानतो.

उत्तरायुष्य थोडक्यात सांगतो. 1918 साली भांडवलदारांच्या भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. खर्चावरून वाद झाले, आणि दादासाहेब सर्व सोडून कुटुंबासह काशीस गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. काही काळाने परतले, पुष्कळ चित्रपट केले, पण पहिली झळाळी आली नाही. लोकांची आवड ऐतिहासिक व सामाजिक विषयांकडे वळत होती. 1931 साली ‘आलम आरा’ आला आणि चित्र बोलू लागले. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूक तयार झालेला, त्यास मागाहून आवाज जोडावा लागला. 1937 साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी कोल्हापुरास ‘गंगावतरण’ हा आपला एकमेव मूळचा बोलपट केला. विषय पुन्हा पुराणातलाच. एवढ्या उशिरा सापडलेली वस्तू त्यांच्याने सोडवली नाही. काळाबरोबर बदलावयास हवे होते, असे म्हणणारे म्हणोत. आयुष्यभर बदलत आलेल्या माणसास एका ठिकाणी ठरून राहण्याचाही हक्क असतो.

द्रव्य मात्र राहिले नाही. ज्या घरात कधी रुपयांच्या राशी आल्या त्या घरी वृद्धपणी ओढगस्त आली. ह्याचा दोष केवळ जगास देता येणार नाही. मिळालेला पैसा ते पुढच्या चित्रात घालीत. संसारासाठी बाजूस ठेवणे त्यांस जमले नाही, आणि त्याची झळ सरस्वतीबाईंस व मुलांस लागली. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. त्यावेळच्या वृत्तपत्रांनी आणि चित्रव्यवसायाने त्या बातमीची फारशी दखल घेतली नाही. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार 1969 सालापासून दिला जाऊ लागला.

त्यांच्या चित्रपटांतील फार थोडा भाग आज उरला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जे जतन केले त्यात ‘कालियामर्दना’चा बराच अंश आहे. त्याच्या आरंभी कृष्ण नाही, यमुना नाही, कालियाही नाही. फक्त सहा-सात वर्षांच्या मंदाकिनीचा चेहरा आहे. ती कधी हसते, कधी रुसते, कधी रागावते, आणि कॅमेरा तिच्यापुढे स्थिर उभा आहे. मग त्याच चेहऱ्यावर कृष्णाचा वेष येतो आणि कथा सुरू होते. ज्यांस हे पाहावयास मिळेल त्यांनी आरंभीचा तेवढा भाग घाई न करता पाहावा.